माया ठेवलेली नाही

४ फेब्रुवारी

ती. आईंना,

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि चहा करून आले. घटस्फोटाचा कागद हातात पडून आज वीस दिवस झाले. कायद्याने तुम्ही आता माझ्या कोणी नाही. मग वर काय लिहायचं? ‘आदरणीय’ लिहिलं तर बँकेला अर्ज केल्यासारखं वाटतं. ‘काकू’ लिहायला हात वळेना. अकरा वर्षं ज्यांना ‘अहो आई’ म्हटलं त्यांना एकदम काकू कसं म्हणायचं? तेव्हा आजच्यापुरतं जुनंच लिहिते.

फोन केला असता. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही प्रत्येक वाक्याला ‘बरं बरं’ म्हणता. मागे मी पाय मुरगळल्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही ‘बरं झालं’ म्हणाला होतात.

मी इकडे पोचले. नोकरी समुद्राच्या तळाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत आहे, बंदरापासून चालत दहा मिनिटांवर. खोली किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर. दिवसभर खालून पितळ घासल्याचा आवाज येतो. आधी दात शिवशिवायचे, आता दुकान बंद झालं की चुकल्यासारखं होतं. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. खुर्ची एकच असल्यामुळे समोर कोणी नाही हे लक्षात येत नाही, हा फायदाच.

विचारायचं एवढंच होतं, की मी तुम्हाला पत्र लिहिलेलं चालेल का? तुमच्या चिरंजीवांशी बोलले असेन त्याहून जास्त मी अकरा वर्षांत तुमच्याशी बोलले, तेही तुमच्या शिलाई मशीनच्या वरताण ओरडून. ते एकदम थांबलं आहे. नको असेल तर उत्तर पाठवू नका. मी समजेन.

तुमची
(इथे काय लिहायचं तेही सुचत नाही)


१५ फेब्रुवारी

चि. सौ.

‘सौ.’ सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण खोडलेलं जास्त वाईट दिसेल म्हणून राहू दिलं. पुढच्या पत्रापासून नुसतं चि. लिहीन.

कागदावर सह्या तुम्हा दोघांच्या झाल्या. माझी कोणी मागितली नाही. तेव्हा मी काहीएक सोडलेलं नाही. ‘ती.’ लिही. हात दुखत असेल तर तेही लिहू नकोस, पण काकू म्हणालीस तर पत्र परत पाठवीन.

इथे सगळं जिथल्या तिथे आहे. क्लासला सहा मुली येतात, त्यातल्या चौघींना सुईत दोरा ओवायचा तर तो तोंडात घालून ओला करावा हेही आईने सांगितलेलं नाही. चिरंजीव रविवारी येतात, बल्ब वगैरे बदलून जातात. तुझा विषय निघत नाही. तू पत्र लिहितेस हे मी लपवलेलं नाही, त्यांनी विचारलेलं नाही, एवढंच.

मला सांग, तू नक्की काय काम करतेस? अकरा वर्षं मी विचारणाऱ्यांना ‘सून दगड बघते’ एवढंच सांगत आले. त्यावरून तर तुला दगडोबा म्हणायला लागले. आता वेळच वेळ आहे. नीट समजावून सांग, क्लासमधल्या त्या चौघींना सांगतेस असं समजून.

बोटीवर जाणार आहेस असं ऐकलं होतं. तिथे वारा असणार. यांचा जाड लोकरी कोट ते गेल्यापासून कपाटात पडून आहे. त्याचं तुला जाकीट करते. मापं पाठव: खांदा, छाती, कंबर, बाही, पाठीची उंची. पोट आत ओढून मापं घ्यायची नाहीत, मला कळतं.

तुझी सासू
(इथे काय लिहायचं हे मला बरोबर सुचतं)


२ मार्च

ती. आई,

मापं. खांदा साडेचौदा, छाती चौतीस, कंबर तीस, बाही बावीस, पाठ तेवीस. संस्थेतल्या दगड मोजायच्या टेपने घेतली आहेत. स्वतःच्या खांद्याचं माप एकटीला घेता येत नाही, हे मला एवढ्या वयात कळलं. शेवटी खालच्या किल्लीवाल्यांच्या बायकोला हाक मारली. तिने काही न विचारता मला पाठमोरी उभी केली आणि दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. मला एकदम रडूच आलं. तिला वाटलं, टेप टोचली.

आता कामाचं. समुद्राचं सगळं पाणी उपसून टाकलं तर तळाला मधोमध डोंगरांची एक लांबच लांब रांग दिसेल. एक समुद्र संपतो आणि दुसरा लागतो, तरी ती तुटत नाही. या रांगेच्या माथ्यावर भेग आहे. भेगेतून खालचा वितळलेला खडक वर येतो, थिजतो, त्याचा नवा तळ तयार होतो, आणि आधीचा तळ दोन्ही बाजूंना सरकतो. वर्षाला दोनेक इंच. लोकांना वाटतं, दोन्ही बाजू लांब जात असल्या तरी मधली रांग जागच्या जागी राहत असेल. तसं नाही. एक बाजू रेंगाळते, दुसरी पळते. मग मधली रांगही पळणाऱ्या बाजूच्या मागे मागे ओढली जाते.

दुसरी गोष्ट हॉटस्पॉट. पृथ्वीच्या पोटातून, फार खोलवरून, काही ठिकाणी तापलेला खडक खांबासारखा वर चढत राहतो. तो बराचसा जागेवर असतो. त्याच्या डोक्यावरून समुद्राचा तळ सरकत जातो, आणि जिथे तो खालून पोळतो तिथे ज्वालामुखी उठतात, बेटं होतात.

आम्ही ज्या रांगेचा अभ्यास करतो ती एके काळी अशा एका हॉटस्पॉटच्या अगदी डोक्यावर होती. तेव्हा तिच्यातून इतका खडक बाहेर पडला, की तिथला तळ आजही शेजारपाजारपेक्षा उंच आहे. मग ती सरकत सरकत निघून गेली. आता दोघांमध्ये तीनशे मैल अंतर आहे. हॉटस्पॉट मागे राहिला. अजून तापतोय, पण ज्याच्यासाठी तापायचं ते वर नाही.

आमच्या प्रमुखांचं म्हणणं असं, की रांग कधी कधी परत येते. सरकत नाही, उडी घेते. म्हणजे जुनी भेग बंद पडते आणि हॉटस्पॉटजवळ नवी फुटते. आमच्या रांगेने पूर्वी एकदा अशी उडी घेतली असावी, आणि त्याचा पुरावा शोधायला मे महिन्यात बोट निघणार आहे. मी सगळी आकडेमोड केली, तरी मला उडी पटत नाही. एकदा निघून गेलेलं परत कशाला येईल?

इथे लोक चांगले आहेत. जेवणाच्या सुट्टीत बोलावतात. मी काम आहे म्हणते. मग दगडांचे ट्रे ठेवलेल्या मांडणीमागे उभं राहून पाव खाते.

तुमची
दगडोबा


२८ मार्च

चि. दगडोबास,

‘उडी’ वाचून आधी घाबरलेच. वाटलं, बोटीवरून कोणी उडी घेतली. मग चष्मा पुसून पहिल्यापासून वाचलं.

तुला पटत नाही, मला पटलं. ऐक. पोस्टातल्या बाईंच्या कोटाला मी अस्तर बसवलं. इस्त्री करत होते तेवढ्यात दारावरचा दिवा लुकलुकला. (चिरंजीवांनी बेलला दिवा जोडून दिलाय, मला दिसावं म्हणून.) मी इस्त्री तशीच कापडावर ठेवून उठले. परत येऊन बघते तर भोक नाही, डाग नाही, नुसती पिवळसर झाक. मी गप्प बसले. पंधरा दिवसांनी बाई कोट घेऊन हजर. माझी शिवण शाबूत, आणि तिच्यापासून दोन इंचांवर, जिथे इस्त्री राहिली होती तिथे, अस्तर उभं फाटलेलं!

आता बघ. ताण आला तर शिवण उसवायला हवी. पण कापड एकीकडे पोळून विरलं असेल तर ते तिथेच जातं. मग मी काय केलं, जुनी शिवण उसवली आणि नवी शिवण फाटलं तिथे घातली. तुझी उडी ती हीच. इस्त्री कुठे गेली नाही आणि शिवण कोणी धरून ओढली नाही, तरी शिवण इस्त्रीपाशी आली. यात ‘परत कशाला येईल’ हा प्रश्नच नाही. जिथे कापड कमजोर तिथे ते फाटतं. मनात असो नसो.

समुद्रात काय शोधायचं तेही सांगते. शिवण उसवली तरी सुईच्या भोकांची रांग राहते. धुतलं तरी जात नाही. ती शोधा. सापडली तर प्रमुखांना माझं नाव घालायला सांग.

कोट उसवायला घेतला आहे. यांच्या खिशात एक बटण आणि दवाखान्याची चिठ्ठी निघाली. चिठ्ठी ठेवून दिली.

चिरंजीव गेल्या रविवारी आले होते. एकटे नव्हते. चहा झाला. बाकी विशेष काही नाही.

तुझी सासू


२१ एप्रिल

ती. आई,

तुमचं अस्तर मी प्रमुखांना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी फळ्यावर एक इस्त्री काढली, तिच्यावर दोन शिवणी काढल्या आणि खाली ‘पुसू नये’ लिहून ठेवलं. आता येणारा-जाणारा विचारतो, ही इस्त्री कोणाची? मी सांगते, माझ्या सासूबाईंची. काल एका नव्या माणसाने विचारलं, मिस्टर काय करतात? मी म्हटलं, माहीत नाही. तो फार गोंधळला. सासू आहे आणि नवरा नाही, हे त्याला कुठल्याच खणात बसवता येईना.

एक तारखेला बोट सुटते. जूनच्या अखेरीस परत. आठ आठवडे पत्र जाणार नाही आणि आलेलं मिळणार नाही. तेव्हा मी गप्प झाले तर रागावले असं समजू नका.

ते एकटे नव्हते, हे वाचलं. मी काही विचारणार नाही. तुम्ही ‘बाकी विशेष काही नाही’ लिहिलंत ना, त्या ओळीत तुमचं अक्षर बारीक झालं आहे. तुमचं अक्षर कधी बारीक होत नाही.

तुम्ही जेवता ना वेळेवर? मी जेवते. बसून जेवते हल्ली.

तुमची
दगडोबा


७ जून

चि.,

जाकीट पाठवत आहे.

चिरंजीवांचं लग्न पंधरा तारखेला आहे. त्यानंतर मी त्यांच्याकडे राहायला जाणार. इथल्या घराला कुलूप लागेल. तेव्हा या पत्त्यावर आता लिहू नकोस.

माया ठेवलेली नाही. पुढे वाढवता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तब्येत सांभाळ.


३० जून

आदरणीय बाईंना,

सविनय नमस्कार.

आपला पत्ता बंद झाल्याचं आपण कळवलं आहे. दुसरा माझ्याजवळ नाही, म्हणून हे त्याच पत्त्यावर पाठवते. कोणी आपल्यापर्यंत पोचवलं तर ठीक, नाही तरी ठीक.

परवा बोटीवरून परत आले. पार्सल किल्लीवाल्यांकडे येऊन पडलं होतं. जिन्यातच उघडलं. जाकीट फार सुंदर झालं आहे. ते या पार्सलातून परत पाठवत आहे. एकदाही अंगात घातलेलं नाही.

कामाचं विचारलं होतंत म्हणून कळवते. भोकांची रांग सापडली. हॉटस्पॉटच्या पलीकडे तळावर एक बंद पडलेली भेग आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या खडकांतले चुंबकीय पट्टे एकमेकांचे आरसे असल्यासारखे आहेत, म्हणजे एके काळी तीच जिवंत रांग होती. तिथून उडी घेऊन रांग हॉटस्पॉटवर आली होती. आपलं बरोबर होतं, माझं चूक. परंतु त्यानंतर ती पुन्हा सरकत निघाली ती आजतागायत सरकते आहे, आणि आता ती परत वळेल असं आमच्या मोजमापात कुठेही दिसत नाही. काही रांगा उडी घेतात, काही निघून जातात. त्यात कोणाचा दोष नसतो.

माया ठेवलेली नाही, हे आपण एका ओळीत स्पष्ट लिहिलंत त्याबद्दल आभारी आहे. पुष्कळ लोक एवढंही स्पष्ट सांगत नाहीत. मीही पुढे वाढवणार नाही.

चिरंजीवांना शुभेच्छा.

कळावे.


१९ ऑगस्ट

दगडोबा,

अगं वेडे, शिवणीतली माया!

शिवण घालताना आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड सोडतात ना, त्याला माया म्हणतात. पुढे माणूस सुटलं तर उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. यांचा कोट पुढच्या बाजूने कसरीने खाल्लेला. चांगलं चांगलं वाचवता वाचवता कापड इतकं कमी पडलं, की बाहीला तर शिवण अगदी काठावरून घालावी लागली. म्हणून लिहिलं, माया ठेवलेली नाही, पुढे वाढवता येणार नाही. म्हणजे जाड होऊ नकोस! अकरा वर्षं शिवणाच्या बाईच्या घरात राहिलीस आणि एवढा शब्द तुझ्या कानावरून गेला नाही? ऐकू मला येत नाही की तुला?

पण चूक माझीच. तुला मी मशीनला कधी हात लावू दिला नाही. दोरा तुटतो म्हणायचे.

आधी खूप हसले. मग तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं. ‘जिन्यातच उघडलं’ इथे येऊन थांबले. तू जिन्यात उभी आहेस आणि हातात तो कागद आहे, हे मला दिसलं. मग हसू आलं नाही.

आता खरं सांगते. सगळा दोष त्या शब्दाचा नाही. मी तो कागद लिहीत होते तेव्हा चिरंजीव शेजारी उभे राहून खोकी बांधत होते. आदल्या दिवशी म्हणाले होते, ‘आई, आता तिच्याशी पत्रं पुरे. नव्या माणसाला बरं वाटणार नाही.’ मी ‘बरं’ म्हटलं. तू म्हणशील, ऐकू आलं नसेल. नाही गं, या वेळी नेमकं ऐकू आलं होतं. म्हणून नवा पत्ता दिला नाही, खाली सासू असंही लिहिलं नाही. शब्द मी जाकिटाबद्दलच लिहिला, पण तू वाचलास तशीच मी वागले. तेव्हा तू काही फार चुकीचं वाचलं नाहीस.

इथे मला वेगळी खोली आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसते, तिच्यावरचे सगळे पाइप माझ्या ओळखीचे झाले आहेत. मशीन बाल्कनीत आहे, वर चादर टाकून. खालच्या मजल्यावर आवाज जातो म्हणे. दोघं सकाळी कामाला गेले की मी घरभर एक फेरी मारते. मग दुसरी मारते. सहा मुलींना ओरडायची सवय झालेला गळा आहे, तो दिवसभर बंद ठेवला की संध्याकाळी आवाज घोगरा येतो.

पार्सल जुन्या घराच्या शेजारणीने ठेवून घेतलं होतं. ती गेल्या आठवड्यात इकडे घेऊन आली तेव्हा दार नव्या सूनबाईने उघडलं. तिने पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. मी म्हटलं, झालं आता. तिचे ओठ हलले, मला काही कळलं नाही. मग तिने कागद आणून लिहून दाखवलं: ‘उत्तर लिहा. पोस्टात मी टाकते.’ खाली इथला पत्ताही घातला. पाकिटावर अक्षर तिचंच आहे.

चिरंजीवांनाही तिनेच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा पटलेलं असतं की नसतं, हे मला चाळीस वर्षांत उमगलेलं नाही.

आज मी लिहायला बसले तर ती दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मग एक चिठ्ठी माझ्या हातात देऊन घाईने निघून गेली. तुझ्यासाठी आहे. मी वाचली, खोटं कशाला बोलू. सोबत ठेवते. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. माझ्याकडे बघून तर मुळीच देऊ नकोस.

जाकीटही परत पाठवते आहे. आता पुन्हा आलं तर मी ते घालून फिरेन, आणि मला ते किती तोकडं होईल याचा विचार कर.

तुझी सासू

(सोबतची चिठ्ठी)

तुम्हाला काय म्हणावं कळत नाही, म्हणून नुसता नमस्कार. मागच्या महिन्यात त्यांना पाच दिवस ताप होता. त्या पाच दिवसांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जवळ गेलं की भिंतीकडे वळायचे. मी रडले तेही त्यांना कळलं नसावं. ताप उतरल्यावर काहीच झालं नाही असे वागले. आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ते तिला ठाऊक. तुम्ही काय करत होता?


४ सप्टेंबर

ती. आई,

जाकीट घातलं. बसतं. हात वर केला की काखेत ओढतं, म्हणून मी हात वर करत नाही. काल वरच्या फळीवरचा ट्रे काढायला दुसऱ्या कोणाला तरी सांगितलं. त्या निमित्ताने चार वाक्यं बोलणं झालं.

‘आदरणीय बाईंना’ लिहिलेलं ते पत्र मी फाडून टाका म्हणत नाही. ठेवा. मला इतकं शुद्ध लिहिता येतं हे मलाही माहीत नव्हतं. राग आल्याशिवाय माझ्या हातून ‘परंतु’ उमटत नाही.

त्या पत्रात मी एक गोष्ट मुद्दाम लिहिली नाही. तेव्हा ती तुम्हाला द्यायची नव्हती.

बोटीवरून आम्ही लोखंडी साखळ्यांची एक मोठी पिशवी तळापर्यंत सोडतो आणि ती फरफटत नेऊन दगड वर आणतो. रांगेच्या माथ्यावरून, अगदी नव्या भेगेपासून, आम्ही दगड आणले. त्यांना काळ्या काचेची साल होती, गरम खडक पाण्यात एकदम थिजला की होते तशी. मी ती साल खरवडून तपासायला लावली. रांग हॉटस्पॉटपासून तीनशे मैल लांब गेली आहे. तिच्या नव्या दगडात आता फक्त तिथल्या तिथला खडक निघायला हवा होता. निकाल शेवटच्या आठवड्यात बोटीवरच हाती आला. त्या काचेत हॉटस्पॉटचा अंश होता. थोडा, पण नक्की. मी तीन वेळा तपासला.

ते कसं होतं तर, समुद्राच्या तळाची खालची बाजू सपाट नसते. रांगेपाशी तळ पातळ असतो आणि लांब जावं तसा जाड. म्हणजे खालून बघितलं तर छताला रांगेकडे चढ आहे. हॉटस्पॉटमधून वर आलेला तापलेला खडक त्या छताला लागून चढ धरून रांगेकडे वाहत राहतो. वरून काही दिसत नाही. उडी नाही, परत येणं नाही, रांग गेली ती गेलीच. तरी तिचा आजचा दगड फोडला तर आत जुन्या जागेचं थोडं काहीतरी निघतं. प्रमुखांना विचारलं, हे कधी थांबेल? ते म्हणाले, अंतर वाढलं की थांबेलच एक दिवस. पण तो बघायला आपल्यातलं कोणी नसेल.

हे कळलं तेव्हा पहिल्यांदा तुम्हाला सांगावंसं वाटलं. बोटीवर छत्तीस माणसं होती, त्यातलं एकही नाही आठवलं. मग बंदराला लागलो, आणि जिन्यात तो कागद.

इकडे या, असं लिहिणार होते. खोलीत दुसरी खाट मावत नाही, आणि मावली तरी तुम्ही येणार नाही हे मला ठाऊक आहे. तेव्हा बाल्कनीतल्या मशीनवरची चादर काढा. खाली आवाज जाऊ दे. वर कोणीतरी राहतं हे त्यांनाही कळू दे.

सूनबाईची चिठ्ठी आठ दिवस टेबलावर होती. फाडावी असं एकदाच वाटलं. उत्तर तिला थेट लिहायला जमलं नाही, म्हणून खाली लिहिते. तुम्ही एवढा भाग तिला वाचायला द्या.

ताप आला की ते भिंतीकडे तोंड करून झोपतात. तेव्हा काय हवं, कसं वाटतं, असं विचारू नये. कपाळावर सारखा हात लावू नये. पाणी उशाशी ठेवावं, सांगू नये. खोलीचं दार उघडं ठेवावं आणि आपण बाजूच्या खोलीत काहीतरी आवाज करत राहावं. भांडी लावावीत, कपाट आवरावं, खुर्ची सरकवावी, काहीही. घरात कोणीतरी वावरतंय एवढंच त्यांना ऐकायचं असतं. आवाज थांबला की ते डोळे उघडून दाराकडे बघतात. तुझ्यावर राग नसतो. रडू नकोस.

हे मला कळायला नऊ वर्षं लागली, आणि कळलं तोवर मी आवाज करणं सोडलं होतं.

ही शेवटची ओळ तेवढी कापून मग कागद तिला द्या.

तुमची
सून